एकदिवसीय क्लासिक्स: मर्क्सनंतर दुसरे स्थान कोणाचे?

दीर्घपल्ला

सायकलिंगच्या क्लासिक्सपैकी, म्हणजे जुन्या व मोठ्या एकदिवसीय शर्यतींपैकी, लोम्बार्डीची शर्यत 2025 च्या ऑक्टोबरमध्ये झाली. तेव्हापासून एकदिवसीय शर्यतींचा सर्वश्रेष्ठ सायकलपटू कोण, हा जुना प्रश्न पुन्हा चर्चेत आला आहे. पहिल्या स्थानाबद्दल वाद घालण्यात मला अर्थ वाटत नाही. एडी मर्क्सने मिलान–सान रेमो सात वेळा, लिएज–बास्तोन–लिएज पाच वेळा, पॅरिस–रुबे तीन वेळा आणि टूर ऑफ फ्लँडर्स व लोम्बार्डी प्रत्येकी दोन वेळा जिंकली. ज्या पाच शर्यतींना आज मॉन्युमेंट म्हटले जाते, त्यांतील त्याची एकूण विजयसंख्या अशी 19 होते आणि तिच्या जवळपासही कोणी पोहोचलेले नाही. त्यामुळे खरा विचार करण्याजोगा प्रश्न दुसऱ्या स्थानाचा आहे.

माझे मत रॉजर दे व्लामिंकच्या बाजूने आहे. त्याच्या नावावर 11 मॉन्युमेंट आहेत: रुबे चार, सान रेमो तीन, लोम्बार्डी दोन, लिएज एक आणि फ्लँडर्स एक. पाचही शर्यती जिंकणारे केवळ तिघे, म्हणजे रिक व्हान लॉय, मर्क्स आणि दे व्लामिंक, आणि या तिघांत मर्क्सनंतर सर्वाधिक विजय दे व्लामिंकचे आहेत. पण मला आकड्यापेक्षा त्या आकड्याचा काळ महत्त्वाचा वाटतो. या 11 पैकी नऊ विजय त्याने 1970 ते 1977 या काळात मिळवले, म्हणजे मर्क्स स्वतः शर्यतीत उतरत असताना. 1970 च्या रुबेमध्ये मर्क्सने त्याला पाच मिनिटांहून अधिक फरकाने मागे टाकले होते, आणि त्याच मर्क्सला दे व्लामिंकने 1975 मध्ये रुबेच्या वेलोड्रोममध्ये, म्हणजे जिथे शर्यत संपते त्या सायकल-ट्रॅकवर, स्प्रिंटमध्ये (शेवटच्या वेगवान धावेत) हरवले. सर्वांत बलाढ्य प्रतिस्पर्धी समोर असताना कोणी किती जिंकले, हा निकष लावला तर दे व्लामिंकच्या जवळ कोणीही येत नाही, असे मला वाटते.

आपल्यापैकी जे अनेक वर्षे या शर्यती पाहत आले आहेत त्यांनी आपापला निकष सांगून मत मांडावे. केवळ नावांची यादी नको, ते नाव का, हे वाचायला आवडेल.

---

जुनी पाने

आपला निकष विचारपूर्वक निवडलेला आहे, तरीही मी रिक व्हान लॉयचे नाव पुढे करतो. मॉन्युमेंट या पाच शर्यतींच्या चौकटीतून पाहिले की व्हान लॉयचे आठ विजय कमी दिसतात. पण ती चौकटच मुळात अलीकडची आहे. ज्या काळात तो शर्यती जिंकत होता त्या काळात पॅरिस–तूर, पॅरिस–ब्रसेल्स आणि फ्लेश वालोन यांचीही गणना मोठ्या क्लासिक्समध्येच होत असे. या सर्व मिळून आठ शर्यती जिंकणारा व्हान लॉय हा एकमेव सायकलपटू आहे. पाच मोठ्या शर्यतींचा संच तर त्याने 1961 मध्येच पूर्ण केला. त्या वसंतात त्याने आधी रुबे आणि मग लिएज जिंकली, आणि असे करणारा तो इतिहासातील पहिलाच होता. उरलेली फ्लेश वालोन त्याने 1968 मध्ये, वयाच्या चौतिसाव्या वर्षी जिंकली.

मर्क्सला पॅरिस–तूर कधीच जिंकता आली नाही आणि दे व्लामिंकलाही नाही. ती शर्यत बहुतांशी सपाट रस्त्यांवरची असल्यामुळे तिच्यात वाऱ्याचा अंदाज आणि शेवटच्या काही मीटरमधील वेग यांनाच महत्त्व असते, आणि चढावर सर्वांना थकवून एकटे निघून जाण्याची मर्क्सची पद्धत तिथे उपयोगी पडत नसे. 1972 मध्ये ती नोएल व्हान टिघेमने जिंकली, आणि 'मर्क्सने व मी मिळून सगळ्या क्लासिक्स जिंकल्या आहेत, त्याने बाकीच्या आणि मी पॅरिस–तूर,' असे व्हान टिघेम पुढे सांगत असे. व्हान लॉयने हीच शर्यत 1959 आणि 1967 अशी दोनदा जिंकली.

आणखी एक गोष्ट विचारात घ्यायला हवी. व्हान लॉय 1960 आणि 1961 असा सलग दोन वर्षे विश्वविजेता होता. इंद्रधनुषी पट्ट्यांची विश्वविजेत्याची जर्सी अंगावर असली की संपूर्ण पेलोटॉनची, म्हणजे सायकलपटूंच्या मुख्य घोळक्याची, नजर त्या एका माणसावर असते. तो निघाला की सगळे निघतात आणि तो थांबला की सगळे थांबतात. अशा स्थितीत त्याने 1961 मध्ये रुबे व लिएज आणि 1962 मध्ये फ्लँडर्स व रुबे जिंकल्या. आपण बलाढ्य प्रतिस्पर्ध्याचा निकष मांडलात; संपूर्ण मैदान आपल्याविरुद्ध एकत्र आलेले असताना जिंकणे हेही त्याच निकषात बसते.

---

वारा आणि चाक

व्हान लॉयविषयी मला मनापासून आदर आहे. तरी त्याच्या विजयांचा विचार करताना त्याच्या संघाचा विचार टाळता येत नाही. फाएमा संघातील त्याच्या साहाय्यकांना त्यांच्या लाल जर्सीमुळे 'रेड गार्ड' म्हणत. शर्यतीच्या शेवटच्या टप्प्यात ते एकामागोमाग एक आघाडीवर येऊन वेग इतका वाढवत की दुसऱ्या कोणाला पुढे निसटताच येत नसे, आणि अखेरच्या काही शे मीटरमध्ये व्हान लॉय त्यांच्या मागून बाहेर पडत असे. आज स्प्रिंटसाठी जी 'ट्रेन' लावली जाते तिचे हे आरंभीचे रूप होते. यात गैर काहीच नाही, उलट ती त्याची कल्पकताच म्हणावी लागेल. मात्र अशा संघाशिवाय जिंकलेल्या शर्यतींचे वजन मला थोडे अधिक वाटते.

म्हणून मी शॉन केलीचे नाव घेतो. त्याच्या नावावर नऊ मॉन्युमेंट आहेत: लोम्बार्डी तीन आणि सान रेमो, रुबे व लिएज प्रत्येकी दोन. 1984 च्या एकाच वसंतात त्याने रुबेची दगडी फरसबंदी आणि लिएजचे आर्देनमधील चढ अशा दोन परस्परविरोधी शर्यती जिंकल्या. त्याचा पहिला मॉन्युमेंट विजय 1983 मधला आणि शेवटचा 1992 मधला, म्हणजे जवळपास दहा हंगाम तो या पातळीवर टिकून होता.

त्यातील 1992 ची सान रेमो मी पुनःपुन्हा पाहिली आहे, आणि सायकलिंगमध्ये केवळ पायांतील ताकद पुरेशी नसते हे समजून घ्यायचे असेल तर तिचा शेवट प्रत्येकाने पाहावा. त्या दिवशी मोरेनो आर्जेंतिन सर्वांत ताकदवान होता. शर्यतीच्या अखेरीस येणाऱ्या पोज्जोच्या चढावर त्याने एकामागून एक अटॅक केले आणि अखेर माथ्याजवळ तो एकटा सुटला. केली तेव्हा मागच्या गटात होता आणि पस्तीस वर्षांचा होता. पोज्जोचा उतार अरुंद असून त्यावर एकामागून एक तीव्र वळणे येतात, एका बाजूला भिंत आणि दुसऱ्या बाजूला कठडा. केली गटातून निसटून त्या उतारावर असा काही गेला की प्रत्येक वळणावर ब्रेक इतरांपेक्षा उशिरा, आणि वळणातून बाहेर पडताच पुन्हा पूर्ण जोराने पॅडल. पायथ्याशी आर्जेंतिन नजरेच्या टप्प्यात आला, शेवटच्या किलोमीटरच्या सुमारास केलीने त्याला गाठले, आणि मग आर्जेंतिनसमोर स्प्रिंटची लढाई उरली, जी केलीविरुद्ध त्याला जिंकता येण्यासारखी नव्हती.

केलीच्या नावावर फ्लँडर्स नाही, हे खरे आहे. पण 1984, 1986 आणि 1987 अशा तीन वेळा तो तिथे दुसरा आला. 1986 ची फ्लँडर्स आद्री व्हान डर पूलने जिंकली. त्याचाच मुलगा मॅथ्यू आज ही शर्यत तीनदा जिंकून बसला आहे. तीन दुसऱ्या क्रमांकांपैकी एखादा जरी पहिला झाला असता तर आपण केलीला पाचही शर्यती जिंकणाऱ्यांत गणले असते. काही मीटरच्या फरकावर एखाद्याचे इतिहासातील स्थान ठरवणे मला योग्य वाटत नाही.

---

दीर्घपल्ला

'वारा आणि चाक' यांच्या 1992 च्या वर्णनाबद्दल आभार. दुसऱ्या क्रमांकांचे गणित मात्र दोन्ही बाजूंनी मांडावे लागेल. दे व्लामिंकने रुबे चार वेळा जिंकली आणि तो तिथे आणखी चार वेळा, म्हणजे 1970, 1978, 1979 आणि 1981 मध्ये, दुसरा आला. त्या शर्यतीत टायर कुठल्याही क्षणी पंक्चर होऊ शकते आणि पुढचा सायकलपटू पडला तर मागचाही पडतो, तरीही अकरा वर्षांच्या काळात आठ वेळा पहिला किंवा दुसरा येणे हा योगायोग असू शकत नाही. तो सायक्लोक्रॉसचाही, म्हणजे चिखल-मातीच्या मार्गावरील सायकल शर्यतींचाही, विश्वविजेता होता, आणि चिखलातून, घसरत्या चाकावर तोल सांभाळण्याचे जे शिक्षण त्या खेळात मिळते ते त्याच्या रुबेतील सायकलवर स्पष्ट दिसते. जिथे इतर जण दगडांवर आदळत जात, तिथे तो हात सैल सोडून सायकलला आपला मार्ग काढू देत असे.

त्याच्या एकमेव फ्लँडर्स विजयाबद्दल आक्षेप घेतला जातो, आणि त्याचा उल्लेख मी टाळणार नाही. 1977 मध्ये फ्रेडी मार्टेन्स दीर्घकाळ आघाडीवर राहून वारा झेलत होता, दे व्लामिंक त्याच्या मागे बसून राहिला आणि शेवटी स्प्रिंटमध्ये पुढे गेला. तो विजय देखणा नव्हता. पण एकदिवसीय शर्यतीत श्रम वाचवणे हेही कौशल्यच मानले जाते.

---

उंच गिअर

या चर्चेत तादेय पोगाचारचे नाव अद्याप आले नाही, याचे आश्चर्य वाटते. 2025 अखेर त्याच्या नावावर 10 मॉन्युमेंट आहेत: लोम्बार्डी पाच, लिएज तीन आणि फ्लँडर्स दोन. लोम्बार्डी त्याने 2021 ते 2025 अशी सलग पाच वर्षे जिंकली आहे. फाउस्तो कोप्पीचेही तिथे पाच विजय आहेत, पण त्यांतील सलग चारच. 2024 आणि 2025 मध्ये तो विश्वविजेताही झाला.

तथापि माझ्या मते त्याचे खरे मोठेपण 2025 च्या एका वेगळ्या गोष्टीत आहे. त्या वर्षी त्याने पाचही मॉन्युमेंटमध्ये भाग घेतला आणि तो सान रेमोत तिसरा, फ्लँडर्समध्ये पहिला, रुबेत दुसरा, लिएजमध्ये पहिला आणि लोम्बार्डीत पहिला आला. एकाच हंगामात पाचही शर्यतींच्या पोडियमवर उभा राहिलेला दुसरा कोणीही नाही, मर्क्ससुद्धा नाही. वर्षभरात तीन मॉन्युमेंट जिंकण्याची कामगिरी मर्क्सने 1969, 1971, 1972 आणि 1975 अशी चार वेळा केली होती. पाचही ठिकाणी पहिल्या तिघांत येणे मात्र त्यालाही साधले नाही.

आजच्या काळात हे अधिक कठीण आहे, कारण सायकलिंगमध्ये विशेषीकरण फार वाढले आहे. मर्क्सच्या काळात मोठा सायकलपटू मार्चपासून ऑक्टोबरपर्यंत सर्वत्र उतरत असे आणि त्याचे प्रतिस्पर्धीही तसेच वर्षभर थकत असत. आज रुबेच्या दिवशी तुमच्यासमोर असा माणूस असतो ज्याने संपूर्ण हिवाळा त्या एका रविवारच्या तयारीत घालवलेला असतो. शरीराचे वजन, टायरची रुंदी, हवेचा दाब, सगळे त्या फरसबंदीसाठी ठरवलेले असते. टूर द फ्रान्सचा विजेता रुबे जिंकण्याची शेवटची घटना 1981 ची, बर्नार्ड इनोची. त्यानंतरच्या चार दशकांत टूरच्या बहुतेक विजेत्यांनी त्या शर्यतीपासून दूर राहणेच पसंत केले, आणि पोगाचार पहिल्याच प्रयत्नात तिथे दुसरा आला.

---

फरसबंदी

पोगाचारच्या गुणवत्तेबद्दल शंका नाही, पण त्याच्या 10 विजयांपैकी आठ लिएज आणि लोम्बार्डीचे आहेत, हे लक्षात घ्यावे. या दोन्ही शर्यतींचे स्वरूप एकमेकींच्या जवळचे आहे: लांब चढ, वारंवार येणारी चढण, आणि वजनाच्या तुलनेत ज्याची ताकद जास्त त्याला स्पष्ट लाभ. दे व्लामिंकच्या 11 विजयांत लोम्बार्डीचे डोंगर आहेत, रुबेची सपाट फरसबंदी आहे आणि सान रेमोचा जलद शेवटही आहे. केवळ बेरीज करून हा फरक दिसत नाही.

विशेषीकरणाचा मुद्दा मला मान्य आहे, आणि म्हणूनच विशेषज्ञांनाही त्यांचे योग्य स्थान द्यावे असे वाटते. टॉम बोनेनने रुबे चार वेळा जिंकून दे व्लामिंकच्या विक्रमाशी बरोबरी केली आणि फ्लँडर्स तीन वेळा जिंकली. फाबियान कान्सेलाराने दोन्ही शर्यती प्रत्येकी तीन वेळा आणि सान रेमो एकदा जिंकली. दोघांचेही सात मॉन्युमेंट, आणि दोघांनीही फ्लँडर्स व रुबे एकाच वसंतात जिंकण्याची किमया दोनदा केली: बोनेनने 2005 आणि 2012 मध्ये, कान्सेलाराने 2010 आणि 2013 मध्ये. हे दोघे एकाच पिढीतले होते आणि अनेकदा एकमेकांच्या वाटेत उभे होते. 2010 च्या फ्लँडर्समध्ये गेरार्ड्सबेर्गेनच्या भिंतीसारख्या चढावर कान्सेलाराने बसल्या जागेवरून, उभेही न राहता, बोनेनला मागे टाकले, आणि ज्याला तो मागे टाकत होता तो स्वतः त्या शर्यतीचा दोन वेळचा विजेता होता. 'दीर्घपल्ला' यांनी बलाढ्य प्रतिस्पर्ध्याचा जो निकष मांडला तो इथेही तंतोतंत लागू पडतो. हे दोघे वेगवेगळ्या काळात झाले असते तर प्रत्येकाच्या नावावर किती विजय असते, याचा विचार करून पाहावा.

आता मॅथ्यू व्हान डर पूलकडे पाहू. 2025 अखेर त्याचे आठ मॉन्युमेंट: फ्लँडर्स तीन, रुबे तीन, सान रेमो दोन. 2023 ते 2025 अशी सलग तीन वर्षे त्याने रुबे जिंकली. त्याआधी हे केवळ ऑक्ताव्ह लापीझ आणि फ्रान्चेस्को मोझेर यांनाच साधले होते. ज्या पोगाचारला आपण दुसरे स्थान देऊ इच्छिता, त्याला व्हान डर पूलने 2025 मध्ये सान रेमोत आणि रुबेत असे दोनदा मागे टाकले. रुबेमध्ये सुमारे 38 किलोमीटर बाकी असताना दोघेच पुढे होते, आणि एका उजव्या वळणावर पोगाचार वेगाचा अंदाज चुकून सरळ कडेच्या अडथळ्यांवर गेला. व्हान डर पूल त्याच वळणातून, त्याच वेगाने, रेघ न सोडता गेला. याला दैव म्हणता येणार नाही. तोवर सात वेळा सायक्लोक्रॉसचा विश्वविजेता झालेल्या माणसाचे ते कौशल्य आहे, आणि ते वॅटमध्ये मोजता येत नाही.

---

तिसरी रांग

इतका वेळ चर्चा केवळ पुरुषांच्या शर्यतींविषयी चालली आहे. महिलांच्या शर्यतींचा विचार केला तर मॉन्युमेंट मोजण्याची पद्धत किती अपुरी आहे, हे अधिक स्पष्ट होते. महिलांची टूर ऑफ फ्लँडर्स 2004 मध्ये सुरू झाली, लिएज 2017 मध्ये आणि रुबे 2021 मध्ये. सान रेमोची महिलांची शर्यत 1999 ते 2005 या काळात होत असे, मग ती बंद पडली आणि थेट 2025 मध्ये परतली. त्या वर्षी ती लोरेना वीबेसने जिंकली. महिलांसाठी लोम्बार्डी तर आजही नाही. मारिआने व्होस तीन वेळा विश्वविजेती झाली, तिने ऑलिंपिक सुवर्ण मिळवले, फ्लेश वालोन पाच वेळा जिंकली. पण ती सर्वोत्तम भरात असताना जिंकण्यासाठी मॉन्युमेंटच जवळजवळ नव्हत्या. तिच्या नावावर फक्त 2013 ची फ्लँडर्स दिसते. त्या एका आकड्यावरून तिला मागे ढकलणे हा तिच्यावर उघड अन्याय ठरेल.

'जुनी पाने' यांनी व्हान लॉयसाठी जो निकष लावला, म्हणजे आपल्या काळात ज्या मोठ्या शर्यती उपलब्ध होत्या त्या सर्व जिंकणे, तोच मला सर्वांत न्याय्य वाटतो. तो महिलांना लावला तर लिझी डाइग्ननचे नाव येते. तिने 2016 मध्ये फ्लँडर्स, 2020 मध्ये लिएज आणि 2021 मध्ये पहिलीवहिली महिलांची रुबे जिंकली. तेव्हा महिलांसाठी ज्या तीन मॉन्युमेंट होत्या त्या तिन्ही जिंकणारी ती पहिलीच होती.

ती रुबे पावसाने भिजलेली होती. पहिल्याच फरसबंदीच्या पट्ट्यावर डाइग्नन पुढे निघाली आणि शेवटचे 80 हून अधिक किलोमीटर ती एकटीच होती. चिखलाने माखलेल्या दगडांवर तिचे मागचे चाक सतत बाजूला सरकत होते, आणि ती प्रत्येक वेळी तोल सावरून पुढे जात होती. तिने हातमोजे घातले नव्हते. शर्यत संपल्यावर तिच्या हँडलबारच्या पट्टीवर रक्ताचे डाग दिसत होते. मागून मारिआने व्होस पाठलाग करत होती, आणि तरीही डाइग्नन एका मिनिटाहून अधिक फरकाने जिंकली. एवढ्या लांब पल्ल्याची एकाकी आघाडी पुरुषांच्या रुबेमध्येही अपवादानेच पाहायला मिळते.

सातत्याचाच निकष लावायचा असेल तर अॅना व्हान डर ब्रेगनचाही विचार करावा लागेल. फ्लेश वालोन तिने 2015 ते 2021 अशी सलग सात वेळा जिंकली. जिथे ही शर्यत संपते त्या मूर द ह्यूईच्या चढावर शेवटच्या काही शे मीटरमध्ये सगळ्यांना ठाऊक असे की ती कुठे निघणार आहे, आणि तरीही सात वर्षांत कोणालाही तिला रोखता आले नाही.

---

जुनी पाने

'तिसरी रांग' यांनी महिलांच्या शर्यतींचा इतिहास मांडला हे फार चांगले झाले. उपलब्ध शर्यतींचा निकष त्यांनी माझ्यापेक्षा अधिक नेमकेपणाने वापरला आहे.

मर्क्सबद्दल एक नोंद राहून गेली, तीही करून ठेवतो. 1973 ची लोम्बार्डी मर्क्सने प्रथम जिंकली होती, पण उत्तेजक चाचणीत दोषी आढळल्यामुळे त्याला बाद करून ती फेलिचे जिमोंदीला देण्यात आली. त्याचे 19 विजय त्या शर्यतीला वगळूनच मोजलेले आहेत. योहान म्युझ्यूनेही फ्लँडर्स आणि रुबे प्रत्येकी तीन वेळा जिंकल्या, 1998 मध्ये रुबेच्या मार्गावरील आरेनबेर्गच्या जंगलात गुडघ्याचा चुराडा होऊन पाय गमावण्याची वेळ आली असताना तो परतला आणि 2000 मध्ये पुन्हा रुबे जिंकला. मात्र पुढे त्यानेही उत्तेजके घेतल्याची कबुली दिली. या तुलनेत त्याचे नाव का घेतले नाही असा प्रश्न कोणाला पडला असेल तर माझ्यापुरते उत्तर हे आहे.

---

उंच गिअर

'फरसबंदी' यांचा आक्षेप बरोबर जागी आहे: पोगाचारचे विजय दोन शर्यतींत एकवटलेले आहेत. तो सान रेमोत का अडतो, याचे कारण मात्र त्याच्या मर्यादेत कमी आणि त्या शर्यतीच्या रचनेत अधिक आहे.

पोज्जोचा चढ 3.7 किलोमीटरचा आणि सरासरी चार टक्क्यांहूनही कमी चढणीचा आहे. इतक्या सौम्य चढावर वेग एवढा जास्त राहतो की पुढच्याच्या मागे बसणाऱ्याला वाऱ्यापासून मिळणारा आडोसा निर्णायक ठरतो. लिएजमधील ला रेदूतच्या तीव्र चढणीवर पोगाचारच्या मागे असलेल्याला आडोशाचा फारसा उपयोग होत नाही, प्रत्येकाला स्वतःचे वजन स्वतःच वर न्यावे लागते. पोज्जोवर मात्र मागचा माणूस बरेच श्रम वाचवून माथ्यापर्यंत टिकू शकतो. त्यातही माथ्यापासून शेवटपर्यंत जेमतेम साडेपाच किलोमीटर, त्यांतील बहुतांश उतार. म्हणून 2025 मध्ये त्याने पोज्जोची वाट न पाहता त्याआधीच्या चिप्रेस्साच्या चढावरच अटॅक केला. त्या वेगात फक्त दोघे टिकले, व्हान डर पूल आणि फिलिप्पो गान्ना, आणि नेमके हे दोघेही सपाट रस्त्यावर त्याच्याहून जड व ताकदवान. शेवटी स्प्रिंट झाली आणि तो तिसरा आला. पण जी शर्यत अनेक दशके पोज्जोवर किंवा सान रेमोच्या रस्त्यावरील स्प्रिंटमध्ये ठरत आली होती, ती त्याने वीस किलोमीटरहून अधिक अंतर बाकी असताना तीन माणसांवर आणून ठेवली.

दे व्लामिंकने तिथे तीनदा जिंकले, कारण त्याच्याकडे चढावर टिकण्याची ताकद होती आणि स्प्रिंटही होता. पोगाचारकडे तसा स्प्रिंट नाही. त्याला सान रेमो एकट्याने पोहोचूनच जिंकावी लागेल. 2025 अखेर त्याच्या नावावर सान रेमो आणि रुबे नाहीत, तोवर मी त्याला दे व्लामिंकच्या खाली आणि केलीच्या वर ठेवतो. या दोहोंपैकी एक जरी त्याने जिंकली तरी मी हा क्रम बदलेन.

---

वारा आणि चाक

आपण त्याला केलीच्या वर ठेवलेत, यावर माझी एकच हरकत आहे. सान रेमोच्या उतारावर केलीने जे केले तसे काही पोगाचारला रुबेच्या त्या उजव्या वळणावर जमले नाही. मी दोघांना आज तरी बरोबरीत ठेवतो, आणि दे व्लामिंकला दोघांच्याही वर. तेवढ्यापुरता 'दीर्घपल्ला' यांच्याशी मी सहमत आहे.